अचूक मुद्रणालयाचा आहार तक्ता

सुमंतनं मोगऱ्याची कुंडी उकरली ती भर दुपारी, घरातल्या सगळ्यांच्या देखत. घरात कुणी नसताना उकरली असती तर पुढची निम्मी शोभा टळली असती. पण खुरपं आणलं शेजारच्या विष्णुपंतांकडून, आणि विष्णुपंत नुसतं खुरपं कधीच देत नाहीत, त्याच्यामागोमाग स्वतःही येतात. पण थांबा, कुंडीवर एकदम उडी मारून चालायचं नाही. हे सगळं सुरू झालं तक्त्यापासून.

श्रद्धाला, म्हणजे सुमंतच्या बायकोला, चौथा महिना लागला तेव्हा दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन दहा पूर्णांक एक भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं कमी आहे, पण घाबरायचं कारण नाही. या लाल गोळ्या लोहाच्या, या पांढऱ्या कॅल्शियमच्या. रोज घ्या, नीट जेवा. कशा घ्यायच्या ते आशाताई सांगतील." आशाताई, म्हणजे आशा सेविका अर्जुनाताई, बाहेर दुसऱ्या बाईचं वजन करत होत्या. सुमंतला थांबायला वेळ नव्हता. "मला माहितेय सगळं, चल," म्हणून त्यानं श्रद्धाला स्कूटरवर बसवलं. गोष्टीचं खरं मूळ इथंच आहे, पण ते त्याला कळायला अडीच महिने लागले.

दुसरा कुठलाही नवरा तिथून मंडईत गेला असता. सुमंत गेला प्रेसमध्ये. वाईत त्याचं छोटंसं अचूक मुद्रणालय आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, आणि अधूनमधून सरकारी पत्रकं. पंधरा वर्षं हाच धंदा केल्यामुळे त्याची अशी पक्की समजूत झाली होती, की जगात एखादी गोष्ट नीट व्हायची असेल तर ती आधी छापली पाहिजे. त्यानं चार दिवस बसून श्रद्धाचा आहार तक्ता तयार केला. चकचकीत आर्ट पेपर, चार रंग, कडेनं कोयऱ्यांची वेलबुट्टी, वर डाळिंब आणि खाली वाटीभर मनुका. साडेसहाला भिजवलेले बदाम, सात. सहा नाहीत, आठ नाहीत, सात. सात वाजता डाळिंबाचा रस. आठ वाजता ‘औषधोपचार’ : लाल गोळी, पांढरी गोळी, एक पेला घट्ट दूध. सव्वाआठला आल्याचा चहा. अकराला ब्रोकोली.

ब्रोकोली वाईच्या मंडईत मिळेना, म्हणून तो सातारला गेला. तिथल्या भाजीवाल्यानं दिली ती पिवळी पडलेली होती. श्रद्धानं एक घास खाल्ला आणि मोरीकडं धावली.

दोन्ही गोळ्या एकाच वेळी का, असं कुणी विचारलं असतं तर सुमंतकडं उत्तर तयार होतं. मशिनच्या एका फेरीत दोन रंग छापून निघतात, तर गोळ्यांना दोन फेऱ्या कशाला? एकदम घेतल्या की विसरायला होत नाही. आणि दूध? दूध अंगी लागतं, हे त्याची आई प्रमोदिनीबाई तो रांगत होता तेव्हापासून सांगत आल्या होत्या. मग विचारायचं कुणाला?

प्रेसमधला मशिनमन कृष्णात तेवढा तक्ता बघून डोकं खाजवत म्हणाला, "मालक, छपाई लय झ्याक आलीया. पर वैनींस्नी काय खावंसं वाटतंय, त्याला रकाना न्हाई कुटं."

"डोहाळ्यांचा विषय वेगळा, कृष्णात. हे शास्त्र आहे."

"बरं," कृष्णात म्हणाला, आणि मशिन पुसायला लागला.

श्रद्धा वडूजची. बोलणं कमी, पण जे बोलेल ते मोजून. तिनं एकदाच सांगितलं, "अहो, मला बाजरीची भाकरी आणि चाकवताची पातळ भाजी खावीशी वाटतेय. वर लिंबू पिळून."

सुमंतनं तक्त्यावर बोट फिरवलं. "पालेभाजी गुरुवारी आहे."

"आज सोमवार आहे."

"मग तीनच दिवस राहिले की!" तो उत्साहानं म्हणाला. श्रद्धानं मान हलवली आणि दूध प्यायली. तिला दूध आवडत नाही हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण तक्त्यापुढं आवडनिवड कसली?

जानेवारीत रक्त पुन्हा तपासलं. नऊ पूर्णांक सहा. वाढायच्या ऐवजी उतरलं. सुमंतनं ताबडतोब उपाय केला. दुधाचा पेला मोठा केला.

शेजारच्या मंडळींनीही आपापला हातभार लावलाच. विष्णुपंत पोस्टातून निवृत्त झालेले. आता ते पत्रांऐवजी सल्ले घरपोच करतात. ते म्हणाले, नारळपाणी द्या, मुलगा गोरा होतो. समोरच्या काकू म्हणाल्या, नारळपाण्यानं सर्दी होते, खजूर द्या. कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला, केशर द्या, माझ्याकडं अस्सल आहे. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे दोन जिवांचं खायचं. श्रद्धाला एका जिवाचंही जात नव्हतं. ताटात राहिलेलं अन्न टाकायचं नाही म्हणून ते सुमंत संपवायचा. त्याच्या पँटी त्याच महिन्यात घट्ट व्हायला लागल्या.

तेवढ्यात आली संक्रांत. प्रमोदिनीबाईंना हळदीकुंकवाच्या वाणाची चिंता लागली. प्लॅस्टिकचे डबे सगळ्यांनीच लुटून झालेले, चाळण्या गेल्या वर्षी दिल्या होत्या. सुमंतच्या मनात एकदम तेजस्वी कल्पना आली. "आई, या वर्षी तक्ता लुटू! ज्ञानाचं वाण! दोनशे प्रती काढतो."

प्रमोदिनीबाईंना कल्पना इतकी आवडली की त्यांनी वर ‘सौ. श्रद्धाचा आहार तक्ता’ असं छापायला सांगितलं. श्रद्धा म्हणाली, "माझं नाव कशाला?" पण तोवर कागद मशिनवर चढला होता. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आल्यागेल्या प्रत्येक बाईच्या ओटीत तिळगूळ, गाजर, बोरं, उसाचे करवे आणि एक चकचकीत तक्ता पडला. बायका म्हणाल्या, "बाई बाई, काय हौशी नवरा!" सुमंत आत बसून ऐकत होता आणि त्याची छाती पँटीइतकीच घट्ट होत होती.

फेब्रुवारीत रक्त भरलं आठ पूर्णांक आठ.

या वेळी डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हे बरं नाही. पुढच्या महिन्यात वाढलं नाही तर सातारला पाठवून शिरेतून लोह द्यावं लागेल. बाळाची वाढ याच रक्तावर होते. आणि बाळंतपणात रक्त जातं, तेव्हा हिच्या अंगात काही शिल्लक नको का?" असं म्हणून त्यांनी श्रद्धाच्या डोळ्याखालची पापणी ओढून बघितली. पांढरीफटक होती. जिना चढताना ती आता दोनदा थांबायची, हे सुमंतनं पाहिलं होतं. खरं सांगायचं तर तो मनापासून घाबरला. आणि त्यानं तेच केलं जे घाबरलेली माणसं करतात. गुन्हेगार शोधायला निघाला.

"गिळतच नसेल," विष्णुपंत पायरीवर बसून म्हणाले. "आमची मेहुणी तशीच. गालात धरायची आणि कुंडीत पुरायची. आमच्या सासऱ्यांना कळलं तेव्हा जास्वंद मेली होती."

"श्रद्धा तशी नाही हो, काका."

"मेहुणीही तशी नव्हती."

बायकोवर आळ घ्यायच्या आधी माणसानं दहादा विचार करावा. सुमंतनं दोनदा केला आणि खुरपं मागितलं. गॅलरीत सात कुंड्या होत्या. पहिल्या तिघींत काही नव्हतं. चौथी मोगऱ्याची. तिच्यात वीतभर खाली गोळ्या निघाल्या. एक, दोन, तीन करत चौदा! मातीनं काळवंडलेल्या, काही अर्ध्या विरघळलेल्या. विष्णुपंतांनी एक उचलून उन्हात धरली. "ही घे. मी काय म्हणत होतो?"

"पण लोहाच्या लाल असतात."

"मातीत रंग राहतो होय रे?"

एवढा पुरावा सुमंतला पुरला. त्यानं हाक मारली. श्रद्धा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. प्रमोदिनीबाई तिच्या मागं आल्या, गोळ्या बघितल्या आणि का कोण जाणे, पदराला हात पुसत आत निघून गेल्या.

"हे काय आहे?" सुमंत म्हणाला. "मी सातारपर्यंत ब्रोकोलीसाठी जातो, आणि तू औषध मातीत घालतेस? पोटातल्या बाळाचा तरी विचार करायचास! आमच्या घरात औषधाची कदर असते. वडूजला नसेल."

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि ते जायला नको होतं, हे त्याचं त्यालाही कळलं. पण प्रेसमधून गेलेला कागद आणि तोंडातून गेलेला शब्द, दोन्हींची दुरुस्ती होत नाही.

श्रद्धा एवढंच म्हणाली, "मी रोज तुमच्यासमोर गिळतेय." आणि आत गेली. त्या दिवसापासून ती घरात कामापुरतं बोलायला लागली. दूध मात्र रोज आठ वाजता मुकाट्यानं प्यायची.

पुढच्या सोमवारी सुमंत तिला घेऊन दवाखान्यात गेला. हातात प्रेसचं नाव छापलेलं पाकीट, पाकिटात चौदा गोळ्या. बाहेर बाकावर सात-आठ गरोदर बाया बसलेल्या, त्यांच्या सासवा, आया. डॉक्टरीणबाई त्या दिवशी उकाड्यामुळं व्हरांड्यातच टेबल टाकून बसल्या होत्या. म्हणजे पुढं जे झालं ते सगळ्यांच्या समोर झालं.

सुमंतनं पाकीट टेबलावर उपडं केलं. "डॉक्टर, रक्त का वाढत नाही त्याचं हे कारण."

त्यांनी एक गोळी रुमालानं पुसली, उलटसुलट केली. "ही तर साखरेची गोळी आहे. घरात मधुमेह कुणाला?"

"आईला," सुमंत म्हणाला. आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"मग त्यांचीही साखर तपासायला घेऊन या. आता मला सांगा, हिच्या गोळ्या हिला कशा देता?"

सुमंतला वाटलं, अजून सगळं हातचं गेलेलं नाही. त्यानं पिशवीतून तक्ता काढला आणि टेबलावर पसरला. बाकावरच्या बाया उठून बघायला आल्या. "अगं बया, किती छान!" एक जण म्हणाली. डॉक्टरीणबाईंचं बोट साडेसहावरून सातवर, सातवरून आठवर आलं आणि तिथंच थांबलं.

"लोह, कॅल्शियम आणि दूध. तिन्ही एकदम?"

"हो. विसरायला नको म्हणून."

"आणि सव्वाआठला चहा."

"आल्याचा," सुमंत म्हणाला.

त्यांनी चष्मा काढला. "अहो, दूध, चहा आणि ती पांढरी गोळी, ही तिन्ही मिळून लोह अंगी लागू देत नाहीत. हिनं अडीच महिने गोळ्या घेतल्या आणि तुम्ही त्या रोज वाया घालवल्यात. अर्जुनाताई, ते पत्रक द्या यांना."

आशाताईंनी खांद्याच्या पिशवीतून पत्रक काढलं. "वाचा की दादा. मोठ्यानं वाचा, समद्यांस्नी कळंल."

सुमंतनं पत्रक हातात घेतलं आणि तो वाचायच्या आधीच अडखळला. कारण ती चौकट त्याच्या ओळखीची होती. त्यानंच ती आखली होती. तिच्यातली अक्षरं जरा ठळक हवीत म्हणून त्यानंच मोठी केली होती. "लोहाची गोळी... दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर... घेऊ नये," तो वाचायला लागला. "जेवणानंतर तासाभरानं... लिंबूपाण्यासोबत घ्यावी."

"अन् खाली काय लिवलंय?"

"खाली काही नाही."

"हाय की! बारीक अक्षरात." अर्जुनाताईंनी वाकून स्वतःच वाचलं. "मुद्रक, अचूक मुद्रणालय, वाई." त्यांनी आधी पत्रकाकडं बघितलं, मग टेबलावरच्या पाकिटाकडं, मग सुमंतकडं. "आवं दादा, ह्ये तर तुमीच छापलंय!"

दहा हजार प्रती. गेल्या पावसाळ्यात. प्रुफं त्यानं तीनदा तपासली होती, एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नव्हतं. पण कागदावर लिहिलंय काय, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न, मुद्रकाचा नव्हे, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं आणि त्यानं ते निष्ठेनं पाळलं होतं.

बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा व्हरांडा हसला. फक्त श्रद्धा हसली नाही. ती हळूच उठली, तक्ता गुंडाळला आणि म्हणाली, "चला घरी. ऊन वाढतंय." तिनं चारचौघांत दोन शब्द सुनावले असते तर त्याला हलकं वाटलं असतं. हे असं सांभाळून घेणं त्याला सोसवेना.

कृष्णेच्या पुलापाशी त्यानं स्कूटर थांबवली. खाली घाटावर कुणी कपडे धूत होतं. "श्रद्धा, चुकलो मी," तो म्हणाला. "लाज वाटतेय मला. वडूजचं जे बोललो ना, त्याची तर फारच."

श्रद्धा स्कूटरवरून उतरली. मग म्हणाली, "तुम्ही सात कुंड्या उकरायला निघालात. मला एकदा विचारलं असतंत तर चाललं नसतं का?"

सुमंत स्कूटरचा आरसा बोटानं पुसायला लागला.

"आणि दुसरं," ती म्हणाली, "दोनशे घरांत माझ्या नावानं ते छापलेलं गेलंय. त्यातल्या कुणाला दिवस गेले असतील. ते परत आणा."

"वाण परत मागायचं? अगं, लोक काय म्हणतील?"

"बाळाच्या रक्तापेक्षा मोठं काही म्हणतील का?"

घरी आल्यावर प्रमोदिनीबाईंनी त्याला बोलायची संधीच दिली नाही. "त्या गोळीनं तोंड कडू होतं रे दिवसभर. त्यात संक्रांतीचा एवढा तिळगूळ घरात. आणि सुनेला बोललास तेव्हा माझी जीभच उचलली नाही बघ." त्या रडायलाच लागल्या. मग श्रद्धाचा हात धरून म्हणाल्या, "मला माफ कर गं." एरवी सुमंतनं आईला तासभर ऐकवलं असतं. पण आता कुठल्या तोंडानं ऐकवणार?

दुसऱ्या दिवसापासून सुमंत वाण परत मागत फिरायला लागला. वाईच्या इतिहासात असा माणूस झाला नसावा. एकीनं दार अर्धंच उघडून विचारलं, "तिळगूळही परत हवाय का?" समोरच्या काकूंनी तक्ता फडताळात अंथरून त्यावर लोणच्याची बरणी ठेवली होती, बरणी उचलली तर तेलाचा गोल उठलेला. वाण्याच्या बायकोला वाटलं, काहीतरी अशुभ घडलं, तिनं तक्त्याबरोबर नारळही दिला. विष्णुपंत सगळीकडं सोबत आले आणि प्रत्येक दारात "चूक याची आहे, आमचा फक्त सल्ला होता," असं आपणहून सांगत राहिले.

एक तक्ता तर उंब्रजला गेला होता. काकूंच्या भाचीला, पूजाला, सातवा महिना होता. सुमंत सातारला एसटी बदलून उंब्रजला पोचला. पूजाची सासू मनुबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. तिला त्यानं सगळं सांगितलं.

"व्हय? म्हंजी वाण परत नेयाला आलाय?" मनुबाईनं शेंगा बाजूला सारल्या. "लय झालं बया! आगं पूजे, हिकडं ये."

पूजा आली. चांगली तरतरीत होती. तक्ता भिंतीवर देवाच्या शेजारी चिकटवलेला.

"तुम्ही... आठ वाजताचं ते... तसं घेत होता का?" सुमंतनं भीतभीतच विचारलं.

पूजा तोंडावर पदर घेऊन हसली. "आवं दादा, आमी वाचलंच न्हाई. डाळिंबाचं चित्र ब्येस हाय म्हनून लावलं. गोळी मी आशाताईनं सांगितल्यावानी लिंबूपान्यासंगं घेती. रगात अकरा हाय माजं."

सुमंत मटकन ओसरीवर बसला. जन्मात पहिल्यांदा त्याला आपला छापलेला कागद कुणी वाचला नाही याचा आनंद झाला. आणि मग लगेच लाजही वाटली, कारण न वाचणारा पहिला माणूस तो स्वतःच होता. मनुबाईनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जाताना पिशवीत बाजरीचं पीठ आणि चाकवताची जुडी घातली. "बायकूला खाऊ घाल. छापत बसू नगंस."

तो सोमवारच होता, आणि तक्ता त्यानं स्वतः उतरवला होता. संध्याकाळी भाकरी त्यानंच थापायला घेतली. ती फुगली नाही, एका बाजूनं करपलीही. श्रद्धानं वर लिंबू पिळून दीड भाकरी खाल्ली, आणि त्याला म्हणाली, "मीठ जरा कमी पडलं." खूप दिवसांनी ती त्याला कामाशिवाय काही बोलली होती.

मार्चमध्ये रक्त भरलं नऊ पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चढतंय. असंच चालू द्या, सातारला जायची गरज नाही." सुमंतनं तो तपासणीचा कागद मात्र दोनदा वाचला, आणि या वेळी नुसती अक्षरं नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, वडूजची माणसं, समोरच्या काकू, आणि श्रद्धानं मुद्दाम बोलावलेल्या अर्जुनाताई. पुरुषांना बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. सासऱ्यांच्या समोर सुमंत मान वर करत नव्हता. आतून बायकांचा गलका सुरू झाला, "नाव घ्या! नाव घ्या!" आणि मग काकूंनी सुमंतलाच दंडाला धरून दारात आणून उभं केलं.

श्रद्धानं आढेवेढे घेतले नाहीत. बहुतेक आधीच जुळवून ठेवलं असावं. तिनं शांतपणे त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली,

"चाकवताची भाजी, वर लिंबू पिळून,
सुमंतरावांचं नाव घेते, त्यांचंच पत्रक वाचून!"

घर नुसतं दणाणलं. प्रमोदिनीबाई हसता हसता हातातला पेढा तोंडात टाकणार, तेवढ्यात श्रद्धानं तो अलगद काढून घेतला. सुमंतला कुठं बघावं कळेना. कान तापले, गाल तापले, मानेपर्यंत आग आग झाली.

अर्जुनाताई पुढं आल्या, त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवं, वैनींचं कशाला तपासताय? ह्यांचं तपासा की! समदं रगात तोंडावर आलंय."

श्रद्धा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सुमंत तसाच दारात उभा राहिला, लाल होऊन. तिथून हलायचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही, कारण कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदाच अशी हसत होती.